ओला अंगठा

१

लाँड्रीत कपडे घेऊन येणारी माणसं डागांबद्दल हमखास थापा मारतात. चहा सांडला म्हणून सांगतात आणि निघते शाई. धाकटीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिचं कामच डाग काढण्याचं. कपडा हातात आला की आधी आतल्या शिवणीपाशी, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, ओल्या बोळ्यानं हळूच चोळून बघायचं. रंग सुटला तर कपडा कच्चा. नाही सुटला तर पुढचं पुढे. ही रीत आपण शिकवली असं लाँड्रीच्या मालकाला वाटायचं आणि तो तसं चारचौघांत सांगायचाही. खरं तर ती धाकटीला आईनं शिकवली होती, आणि तीही कपड्यावर नव्हे.

धाकटी म्हणजे जुळ्यांमधली दुसरी. पहिली ती मोठी. मोठी तरी केवढी मोठी, तर नर्स हात धुऊन परत येईपर्यंतची. पण नावं एकदा चिकटली ती चिकटलीच. दोघी इतक्या सारख्या की बाप कायम चुकायचा, आणि शेवटी त्या बिचाऱ्यानं दोघींनाही ‘ए पोरी’ म्हणायला सुरुवात केली. फरक एकच होता. मोठीच्या डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, नाडी लागते तिथे तपकिरी जन्मखूण होती. बदामाएवढी, एका टोकाला चिरलेली.

शाळेत जायला लागल्यावर पोरींनी त्यातून उद्योग काढला. बापाच्या बुटांचं तपकिरी पॉलिश काडीच्या टोकावर घ्यायचं आणि धाकटीच्या मनगटावर हुबेहूब खूण काढायची. मग आज मार कुणी खायचा ते आईनं नाही, यांनी ठरवायचं. वर मोठी इतकी बिलंदर, की खरी खूण पुढे करून म्हणायची, “आई, मी धाकटीच, हे नुसतं रंगवलंय.” आई काही दिवस फसली. मग तिनं उपाय काढला. हात धरायचा, मनगट उलटं करायचं, अंगठा जिभेला लावायचा आणि खुणेवर चोळायचा. पुसली गेली तर धाकटी. राहिली तर मोठी.

“तोंड खोटं बोलतं,” आई म्हणायची. “अंगठा बोलत नाही.”

ती खोड आईला जडली ती जडलीच. पोरींची लग्नं झाली, कानामागचे केस पांढरे व्हायला लागले, तरी दारात पाऊल टाकलं की आई आधी मनगट मागायची. आलेगेले हसायचे. पोरीही हसत हात पुढे करायच्या.

गेल्या वर्षी मोठी गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात ठेवली आणि हा हा म्हणता हातची गेली. आई पोहोचली तेव्हा मोठीचं तोंड सुजून ओळखू येत नव्हतं आणि डाव्या मनगटावर सलाइनची चौकोनी चिकटपट्टी होती. पट्टी जरा काढा, असं आईनं तिथल्या नर्सला विनवलं. नर्स म्हणाली, आता काय करायचंय काढून. आईचा अंगठा ओला तो ओलाच राहिला.

२

टॅटू काढायचा हे धाकटीनं घरी जाहीर केलं तेव्हा नवऱ्याला हसू आवरेना. केस रंगवायच्या वयात अंग रंगवायला निघालीस, म्हणाला. पण कारण ऐकल्यावर मोबाईलवर चित्रं दाखवत बसला. दोन पक्षी, एका देठावरची दोन पानं, मोठीच्या जन्माची तारीख. तारीख तर माझीही तीच आहे, असं धाकटी म्हणाली, तेव्हा तोही वरमला.

तिचं आधीच ठरलं होतं. बहिणीची आठवण म्हणून बहिणीचीच खूण. ऐकायला किती छान. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मोठी गेल्यापासून आई धाकटीचं मनगट जरा जास्तच वेळ चोळायची. तिथे काही नसायचं. मग आई म्हणायची, “हं. धाकटी,” आणि हात सोडून द्यायची. त्या ‘हं’नं दर खेपेला धाकटीच्या काळजाला चिमटा बसायचा. एकदा तरी आईचा अंगठा तिथे थांबावा आणि हात लगेच सुटू नये, एवढंच तिला हवं होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईनं एवढ्यासाठी सुया टोचून घ्याव्यात हे हसण्यासारखं आहे हे तिलाही कळत होतं. पण मनाला कोण समजावणार?

टॅटूवालीची खोली एका जिन्याच्या वर होती. खाली बूट दुरुस्तीवाल्याचा ठेला, वर ही. दाताच्या डॉक्टरकडे असते तशी खुर्ची, दिव्याचा वाकणारा दांडा, आणि इतकी स्वच्छता की चप्पल बाहेर काढावीशी वाटावी. टॅटूवालीचे दोन्ही हात कोपरापर्यंत वेलबुट्टीनं भरलेले, पण बोलणं एकदम शाळामास्तरणीचं. पहिलाच टॅटू ना, मग जेवून आलात का, काही गोळ्या चालू आहेत का, असं सगळं विचारून घेतलं. मग तिनं नमुन्यांची जाडजूड फाईल पुढे ठेवली. धाकटीनं ती न उघडताच बाजूला सारली आणि पर्समधून फोटो काढला. त्यात मोठी कपबशी धरून हसत होती आणि मनगटावरची खूण चांगली स्पष्ट आली होती.

टॅटूवालीनं फोटो दिव्याखाली धरला. “माझ्याकडे लोक डाग झाकायला येतात,” ती म्हणाली. “डाग गोंदवून घ्यायला आलेल्या तुम्ही पहिल्याच.”

तिनं खूण पातळ कागदावर गिरवली, मनगट साफ करून त्यावर कागद दाबला आणि उचलला. जांभळा ठसा उमटला. मनगट वळतं, कातडी ताणली जाते, त्यामुळे ठसा तिथे एका दमात कधी बसत नाही, दोन-तीनदा पुसून लावावा लागतो, असं ती आधीच सांगत होती. सांगता सांगता थांबली. ठसा बसला होता. चिरलेलं टोक बरोबर नाडीवर.

“बसलं की,” ती म्हणाली, पण आवाजात आनंद नव्हता.

मशीन घुरघुरायला लागलं. पहिल्या काही टोचण्यांना धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग दुखायचंच थांबलं. टॅटूवाली मधूनमधून कागदानं मनगट टिपत होती. टिपलेला कागद ती प्रत्येक वेळी उलटसुलट करून बघायची आणि टोपलीत टाकायची. सगळे कागद कोरे होते.

“थोडं रक्त येतं इथे,” ती म्हणाली. “तुमचं येत नाहीये.”

“मग बरंच आहे की.”

“बरंच आहे,” टॅटूवाली म्हणाली, आणि तिनं आणखी एक कोरा कागद टोपलीत टाकला.

३

खपली धरेल, खाजेल, नख लावू नका, असं टॅटूवालीनं बजावलं होतं. खपली धरलीच नाही. धाकटीनं वरचं पातळ प्लॅस्टिक काढलं तेव्हा खाली ताजं गोंदण नव्हतंच. जुनी, मुरलेली, कडेला किंचित उंच लागणारी खूण होती. बोटानं चाचपली की मऊ लागायची. हात चांगला आहे बाईचा, असं धाकटी मनाशी म्हणाली.

मग तिला तो केस दिसला. खुणेच्या मधोमध, एकच, काळा. तसा केस मोठीच्या खुणेत होता. मोठी तो चिमट्यानं उपटायची आणि म्हणायची, माझं हे एकच पीक, पण बारमाही. धाकटीनं स्वतःची समजूत घातली. अंगावर केस उगवायचेच, त्यात काय नवल? टॅटूवालीनं मनगट भादरलं होतं, तिथेच उगवला. तिनं चिमटा आणला आणि उपटला. तो निघत गेला, निघत गेला, आणि बोटाएवढा लांब निघाला. चार-दोन दिवसांत एवढा केस वाढत नाही, हे कळायला न्हावी असायची गरज नव्हती. तिनं तो बेसिनमध्ये टाकून नळ पूर्ण सोडला.

दुसऱ्या दिवशी तिनं तो फोटो कामावर नेला. लाँड्रीत डाग बघायचा एक दिवा आहे, ज्याच्याखाली धुवून गेलेला डागही दिसतो. तिनं फोटो त्याखाली धरला. मोठी हसत होती. कपबशी होती. मनगट कोरं होतं.

फोटोवर उजेड चमकत असेल. तिनं तो वाकडा करून पाहिला, खिडकीपाशी नेऊन पाहिला, मालकाचा चष्मा मागून घेऊन पाहिला. दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्यांवर न दिसणारे डाग शोधून तिचं पोट भरत होतं. असलेला डाग तिच्या नजरेतून सुटला नसता. तरीही ती स्वतःशी म्हणाली, माझीच नजर फिरलीय. तसं म्हणणं सोपं होतं. फोटो तिनं पालथा करून सुट्या बटणांच्या डब्याखाली सरकवला.

४

रविवारी ती आईकडे गेली. आईचे डोळे अधू झाले होते, पण डोकं शाबूत होतं. जिन्यातल्या पावलांवरून कोण कुठल्या मजल्यावर चाललंय ते सांगायची, आणि शेजारणीनं चहापत्तीची वाटी चार दिवस परत केली नाही की तेही बरोबर लक्षात ठेवायची. असल्या आईला भ्रम झाला म्हणायची सोय नाही.

धाकटीनं दारातच हात पुढे केला. आतून ती एखाद्या पोरीसारखी हरखली होती. आईनं मनगट उलटं केलं, अंगठा जिभेला लावला आणि चोळला.

अंगठा थांबला.

आईनं हात सोडला नाही. इतकी वर्षं मोठीला हे रोज मिळत होतं तर, असं धाकटीच्या मनात आलं. आईनं अंगठा पुन्हा ओला करून चोळला. मग जोरात. मग नखानं. धाकटीला दुखलं, पण ती हसतच होती. आईची बोटं गार पडत चालली आहेत हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

“मोठे,” आई अगदी हळू म्हणाली.

“नाही गं आई, धाकटीच मी. गोंदवून घेतलंय. टॅटू. तुझ्यासाठी.”

“हं.” आईनं तिचा हात तापलेल्या भांड्यासारखा अलगद खाली ठेवला. “असंच म्हणायचीस तू. मी धाकटीच, हे रंगवलंय.”

धाकटीनं टॅटूवालीची सगळी हकीकत सांगितली, शाईची, सुईची, त्या जांभळ्या कागदाची. आई मान हलवत ऐकत होती, पण परक्या बाईचं ऐकावं तशी. ती भिंतीला पाठ लावून बसली होती. भर दुपारी तिनं उठून दिवा लावला. बसायला सांगितलं नाही, साधं पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि धाकटी निघाली तेव्हा नेहमीसारखी जिन्यापर्यंत आली नाही. दार लागल्यावर आतून कडीचा आवाज आला, आणि मग वरच्या दुसऱ्या कडीचाही.

५

हे काढून टाका, एवढंच सांगायला धाकटी टॅटूवालीकडे गेली. तिला बघून टॅटूवालीच्या हातातली बाटली खाली ठेवली गेली. काही न विचारता तिनं धाकटीची बाही वर सारली आणि मनगट दिव्याखाली ओढलं.

“म्हणजे आहे,” ती म्हणाली.

“असणारच. तुम्हीच काढलंत.”

“मग मंगळवारी कुठे गेलं होतं?”

धाकटीला काही उमजेना. टॅटूवालीला वाटलं की ही आपली चेष्टा करतेय. मंगळवारी तुम्ही आलात, ती सांगू लागली, याच खुर्चीत बसलात, आणि मनगट कोरं. सुईनं घातलेली शाई अशी जाते का कधी? मला दरदरून घाम फुटला. तुम्ही सारखं एकच म्हणत होतात, माझी खूण मला परत द्या. मी म्हटलं, आधी कातडी बरी होऊ दे. तर तुम्ही रडायलाच लागलात.

मंगळवारी धाकटी दिवसभर लाँड्रीत होती. मालक साक्षीला होता, पडदे धुवायला घेऊन आलेली दहा गिऱ्हाइकं साक्षीला होती. ते ती बोलून दाखवणार, एवढ्यात टॅटूवालीनं आवाज खाली आणला.

“एक सांगू? तुमचा हात फार गार होता. आणि मनगटावर एक चौकोन होता, चिकटपट्टी काढल्यावर राहतो तसा मळकट. मी स्पिरिटनं पुसला. जाईना.”

चिकटपट्टीचा डाग स्पिरिटनं जातो. धाकटीच्या हातून असे शेकडो गेले होते. ती खुर्चीच्या हातावर टेकली.

टॅटूवाली म्हणत होती की खूण काढायची तर लेझरवाल्याकडे जावं लागेल, आणि त्याला महिने लागतात. त्यावर दुसरं काही काढून झाकायचं तर तेही आपण करणार नाही, तुमच्या मनगटाला आपण पुन्हा सुई लावणार नाही, राग मानू नका. धाकटीचं तिकडे लक्ष नव्हतं. जाताना मी कुठे गेले, एवढंच तिनं विचारलं.

टॅटूवालीनं खिडकीकडे बोट केलं. “खाली बूट दुरुस्तीवाल्यापाशी बराच वेळ उभ्या होतात. त्याच्या पॉलिशच्या डब्या उघडून उघडून बघत होतात.”

६

धाकटी आईच्या घराकडे धावत सुटली. वाटेत तिनं आईला फोन लावला तो लागला नाही, नवऱ्याला लावला आणि काय सांगायचं ते न सुचून कापला. डोकं अजूनही समजुती घालतच होतं. टॅटूवालीचा काहीतरी घोटाळा झाला असेल. माझ्यासारखी दिसणारी बाई असेल. असतात जगात. माझ्यासारखी दिसणारी एक तर होतीच की. इथवर आल्यावर डोकंही गप्प बसलं.

जिन्यात दुपारचा शुकशुकाट होता. आईच्या दाराबाहेर चपला होत्या. एक आईचा जोड, आणि दुसरा धाकटीचा, अगदी तोच, टाचेपाशी झिजलेला. तिनं खाली बघून आपल्या पायांतल्या चपला पाहिल्या आणि घंटी दाबली.

दार साखळीएवढंच उघडलं. फटीत आईचा चेहरा होता आणि दाराच्या कडेवर आईचा हात. अंगठा तपकिरी झाला होता. पॉलिशचा वास धाकटीनं मैलावरून ओळखला असता. बापाच्या बुटांचा, काडीच्या टोकाचा, शाळेत निघतानाच्या घाईचा वास.

“आई, दार उघड. आत कोण आहे?”

“धाकटी आहे,” आई म्हणाली. “सकाळीच आलीय. या वयात पोरीला काय सुचतं बघ, मनगट रंगवून आली होती. चोळलं तर गेलं पुसून.”

“आई, मी आहे धाकटी. माझ्याकडे बघ ना.”

“मला दिसत नाही बाळा. दे हात.”

धाकटीनं फटीतून हात आत घातला. आईनं तो दोन्ही हातांत घेतला, अंगठा जिभेला लावला आणि खुणेवरून फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग ती चोळायची थांबली आणि नुसतीच खुणेवर बोट फिरवत राहिली. आईच्या डोळ्यांतलं पाणी धाकटीच्या मनगटावर पडलं. हात सुटत नव्हता. जन्मभर हवा होता तेवढा वेळ आईनं तिचा हात धरून ठेवला.

“चूक माझीच गं, मोठे,” आई म्हणाली. “तेव्हा पट्टी काढू दिली नाही त्यांनी. माझ्या मनात किंतू राहिला, म्हणून तुलाही जाता येईना. आता पटली खात्री. आता जा तू. परत येऊ नकोस, ती घाबरते.”

आईच्या खांद्यावरून स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. त्यातून टेबलाचा कोपरा दिसत होता, वाफ निघणारा कप, आणि कपाशेजारी टेबलावर उताणा ठेवलेला एक डावा हात. मनगटावर तपकिरी रंग फरफटला होता आणि त्याखाली चौकोन होता. हाताची बोटं मिटली, हात कपाकडे गेला, आणि टेबलाशी बसलेलं कुणीतरी दाराकडे बघायला मान वळवू लागलं.

आईनं हात बाहेर सारला आणि दार लावलं. एक कडी, मग दुसरी.

“कोण होतं गं, आई?” आतून धाकटीचा आवाज आला.

“कोणी नाही, धाकटे. चहा पी, गार होतोय.”

बाहेर जिन्यात धाकटी दाराशी खाली बसली. तिनं अंगठा जिभेला लावला आणि मनगट चोळायला लागली. काही डाग चोळून जात नाहीत, कपडाच फाटतो, असं ती लाँड्रीत गिऱ्हाइकांना रोज सांगायची. तिनं अंगठा पुन्हा ओला केला.